समुद्राकाठचं चिऱ्याचं घर, कोरी भिंत आणि बजेट पाच-सहा हजार: फ्रेम लावायच्या तर काय आणि कशा?

सुपारीवाली_गुहागर

नमस्कार मंडळी, प्रश्न हौसेचा आहे पण पैशाचापण आहे म्हणून इथे विचारतेय. आमचं घर गुहागरच्या बाजूला, मूळचं चिऱ्याचं, कौलं काढून आता वर स्लॅब टाकलाय, आतून गिलावा करून ऑफव्हाइट रंग मारलाय. हॉलची एक भिंत तेरा फूट लांब, मध्ये ना खिडकी ना दार, आणि तिच्यावर आत्ता आहे काय तर एक कालनिर्णय, एक पतसंस्थेचं कॅलेंडर आणि पार वर छताला टेकलेला आजेसासऱ्यांचा फोटो, तोही पुढे झुकलेला, म्हणजे जेवायला बसलं की ते ताटात बघतायत असं वाटतं. येणारी जाणारी माणसं म्हणतात घर छान बांधलंत पण ओकंबोकं वाटतं.

ऑनलाइन बघितलं तर सगळीकडे तेच ते, सोनेरी पानं आणि हरणं, तीन तुकड्यांत कापलेला बुद्ध, नाहीतर इंग्रजी सुविचार. सासूबाईंना सात घोडे पाहिजेत, कोणीतरी सांगितलंय शुभ असतात. मला घोड्यांचं वावडं नाही पण समुद्राकाठच्या घरात सात पांढरे घोडे कशाला उधळत येतील?

बजेट सगळं धरून पाच-सहा हजार, म्हणजे चित्रं, फ्रेम, स्क्रू, सगळं त्यातच. आणि दुसरी भीती पावसाची. शेजारी मुलीच्या लग्नाचा मोठा फोटो फ्रेम करून लावला होता, पुढच्याच पावसाळ्यात आतून पांढरे ठिपके आले आणि फोटो काचेला चिकटला तो चिकटलाच. मग आपल्याकडे फ्रेम लावायच्याच नाहीत का? काय लावू, कुठून आणू, खराब होऊ नये म्हणून काय करू, तिन्ही सांगा प्लीज.

लाटांचा_आवाज

ताई ते सात घोडे त्या चित्रात समुद्रातूनच बाहेर येतात, नीट बघा. तुमच्याच किनाऱ्यावर उतरणार ते.

चिरेबंदी

चेष्टा बाजूला ठेवा. वहिनी, चित्राचं नंतर बघू, ती तेरा फुटी भिंत कुठल्या दिशेची ते आधी सांगा. मी बांधकामाची छोटी कामं घेतो त्यामुळे माझं डोकं तिकडेच जातं. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाहेरची भिंत असेल तर झड थेट तिच्यावर बसते. आपल्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, कधी वरच, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. चिरा हा छिद्राछिद्रांचा दगड, पाणी पितो आणि मग दिवाळीपर्यंत सावकाश सोडत बसतो. अशा भिंतीवर फ्रेम चिकटून बसली की मागे हवाच नाही, मग बुरशी नाही येणार तर काय येणार. जुन्या घरांना पश्चिमेला पडवी होती, पावसाळ्यात तिला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, नाहीतर प्लॅस्टिक बांधायचे, म्हणून माजघराच्या भिंती कोरड्या राहायच्या. आता पडवी काढून तिथेच हॉल करतात आणि मग ओल कुठून आली म्हणून रंगवाल्याला धरतात.

एक साधी टेस्ट सांगतो. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला पाणी सुटलं तर ओल भिंतीतून येतेय, तिथे बाहेरून इलाज केल्याशिवाय काही लावू नका, कितीही भारी फ्रेम करा. खोलीकडच्या अंगाला दमट झालं तर ती हवेतली ओल, ती संपूर्ण कोकणाला आहे, तिच्यासाठी उपाय आहेत. टेस्ट पावसाळ्यात करा, मे महिन्यात सगळ्याच भिंती पास होतात.

आता खिळा. चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हणजे नाही. गिलाव्याचा पोपडा निघतो आणि खिळा आत भुसभुशीत जागेत गेला की चार महिन्यांनी स्वतःच बाहेर येतो. ड्रिल करा, पण हॅमर मोड बंद ठेवून, चिरा मऊ असतो, हॅमर लावलात तर सहा एमएमचं भोक आठचं होतं. गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवतात तो प्लॅस्टिकचा तुकडा, गिलाव्यात अडकून चालत नाही, चिऱ्यात गेली पाहिजे, म्हणून दोन-अडीच इंची स्क्रू घ्या. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पडलं तर गिट्टी धरत नाही, तिथून दोन बोटं सरकून दुसरं पाडा. आणि स्क्रू, हूक सगळं स्टेनलेस स्टील किंवा पितळेचं. साधा लोखंडी घेतलात तर खाऱ्या हवेत गंजाचा ओघळ भिंतीवर येतो आणि तो रंगातून पुन्हा पुन्हा वर येत राहतो. ते चिकटवायचे हूक टाइल्सवर ठीक, आपल्या रंगाच्या भिंतीवर दमट हवेत रंगासकट खाली येतात. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

पट्टीकाच

चिरेबंदीदादांनी भिंतीचं सांगितलं, मी फ्रेमचं सांगतो, आमच्या घरी हाच धंदा आहे. शेजाऱ्यांचा फोटो चिकटला त्याचं कारण सरळ आहे, माउंट लावलेला नसणार. फोटो काचेला टेकला की मध्ये दमटपणा अडकतो, फोटो पेपरवरचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये फट हवीच. माउंट म्हणजे चित्राभोवतीची ती जाड पांढरी पुठ्ठ्याची चौकट, लोक तिला शोभेची वस्तू समजतात आणि पैसे वाचवायला नको म्हणतात. अहो तिचं पहिलं काम चित्राला काचेपासून लांब ठेवणं हे आहे. माउंट नकोच असेल तर काचेच्या कडेला आतून बारीक पट्टी टाकून घ्या, बाहेरून दिसतपण नाही.

मागची बाजू कोणी बघत नाही, ग्राहक पण नाही आणि बरेचदा फ्रेमवाला पण नाही. मागे साधा पुठ्ठा असेल तर तो पाणी ओढतो, फुगतो आणि वाळवीला आमंत्रण. आमच्याकडे आम्ही हार्डबोर्ड नाहीतर पातळ फोमशीट टाकतो, कडेने टेप पूर्ण फिरवून, फट न ठेवता, म्हणजे कसर आत जात नाही. कसर म्हणजे ती चंदेरी पळणारी, कागद खाते ती. आणि मागच्या चारी कोपऱ्यांना रबराचे नाहीतर बुचाचे जाड ठिपके चिकटवा, फ्रेम भिंतीपासून निदान अर्धा सेंटीमीटर सुटी राहिली पाहिजे, हवा खेळते. जास्त मोठी फट ठेवलीत तर कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि पाल राहायला येते हे पण सांगून ठेवतो.

फ्रेमची पट्टी कुठली घ्यायची? सागवान परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सिंथेटिक पट्टी घ्या, दुकानात तिलाच फायबर पट्टी म्हणतात, तिला ओल लागत नाही, वाळवी लागत नाही, वजन कमी. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पट्टी समुद्राकाठी घेऊ नका, कोपऱ्यातून फुगते आणि वरचा कागद सुटतो. ऑनलाइन स्वस्त सेट येतात ते बहुतेक एमडीएफचेच असतात, लिस्टिंगमध्ये 'इंजिनिअर्ड वूड' असं छान नाव दिलेलं असतं.

आणि हिशोब समजून घ्या म्हणजे फसगत होत नाही. फ्रेमवाला पट्टीचा भाव रनिंग फुटावर लावतो. १२ बाय १८ इंचाची प्रिंट असेल तर घेर ६० इंच, म्हणजे ५ फूट. तिला चारी बाजूंनी दोन-दोन इंच माउंट दिला की फ्रेम १६ बाय २२ होते, घेर ७६ इंच, म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर, आणि कोपरे ४५ अंशात कापताना तुकडे वाया जातात म्हणून सात फूट धरतात. त्यात काच, माउंट, मागचा बोर्ड, मजुरी वेगळी. म्हणजे खर्च चित्राचा नसतोच, घेराचा असतो. सहा छोट्या फ्रेमपेक्षा एक मोठी स्वस्त पडते असं बरेचदा होतं. बाजारातल्या तयार ए४ फ्रेम घेऊन फक्त मागचा पुठ्ठा बदलून घेतला तर अजून स्वस्तात काम होतं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. फ्रेम भरून घ्यायची ती कोरड्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मे. जुलैमध्ये भरलीत तर जुलैची हवा आत पॅक होते, मग तुम्ही ती कुठेही टांगा. गणपतीच्या आधी सगळ्यांना घाई असते, आम्हालापण नाही म्हणता येत नाही, पण खरं विचाराल तर तो सगळ्यात वाईट महिना.

कुडाळचो_झील

काय लावू म्हणून विचारलंत म्हणून सांगतंय. त्या हरणांच्या जागी आपल्याच कोकणातली वस्तू लावा की. आमच्या कुडाळाजवळ पिंगुळी आसा, थयसर ठाकर समाजाची चित्रकथी. पूर्वी हे लोक देवळात कागदावरची चित्रं एकामागून एक उलटत रामायण-महाभारताच्या गोष्टी गाऊन सांगायचे, सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आसरा दिला होता. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे हे एवढे मोठे, रंग मातीतले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, आणि त्यांनी पिंगुळीच्या गुढीपुरात गोठ्यातच म्युझियम उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. तिथे जाऊन बघा, चामड्याच्या बाहुल्या पण बघायला मिळतील. चित्र घ्यायचं तर कागदावर हाताने काढलेलं छोटं घ्या, एकच घ्या, त्याला चांगली फ्रेम करा. तीन तुकड्यांचा बुद्ध लाखभर घरांत असतलो, ह्या तुमच्याकडेच असतला.

दुसरं सावंतवाडीची गंजिफा. खेळायचे गोल पत्ते, लाखेचा लेप दिलेले, दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे १२ पत्ते, एकूण १२०. राजवाड्यात अजून कारागीर बसून रंगवतात, राजमाता सत्वशीलादेवींनी ही कला पुन्हा उभी केली. पूर्ण सेट आपल्या बजेटात बसायचो नाय, पण थोडेच पत्ते मिळाले तर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे चार एका फ्रेममध्ये काय दिसतील! पट्टीकाच दादा, पत्ता जाड असतो, त्याला काय करायचं ते सांगा.

पट्टीकाच

पत्त्याला खोल पेटी लागते, आम्ही बॉक्स फ्रेम म्हणतो, काच आणि बोर्ड यांच्यात इंचभर जागा. पण काही झालं तरी पत्ता फेविकॉलने चिकटवू नका, हाताने रंगवलेली वस्तू आहे ती. पातळ फिल्मच्या चार छोट्या पट्ट्यांनी कडेला धरून ठेवता येतो, उद्या काढायचा म्हटला तर जसाच्या तसा निघाला पाहिजे. चित्रकथीचं पण तेच, वरच्या कडेला दोनच ठिकाणी कागदी टेपने अडकवायचं, चारी बाजूंनी चिकटवलं की पावसाळ्यात कागद पसरतो, जागा मिळत नाही आणि मध्ये लाटा येतात.

सुपारीवाली_गुहागर

बापरे केवढी माहिती, सगळ्यांचे आभार. भिंत पूर्वेकडची आहे, मागे आमचीच खोली आहे, म्हणजे बाहेरची नाही. पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या आहेत. प्लॅस्टिकची टेस्ट करते. गंजिफाचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मला एक मोठं पण हवंय, लांबून दिसेल असं, आणि हाताने काढलेलं मोठं चित्र कुठे परवडणार?

जुन्या_प्रिंटा

मोठ्यासाठी प्रिंट काढा, आणि चित्र फुकटात मिळतं. आपल्याकडच्या कायद्यात चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रावरचा कॉपीराइट संपतो. राजा रविवर्मा १९०६ ला गेले, मुंबईचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर १९४४ ला, म्हणजे दोघांची चित्रं आता कोणीही छापावीत. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला तेव्हा त्यांचा उद्देशच हा होता की राजवाड्यातली चित्रं सामान्य माणसाच्या भिंतीवर यावीत, तुमचा आमचा प्रश्न तेव्हाचाच आहे. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्याकडे किती घरांत होत्या, बायका त्यावर जर आणि टिकल्या लावून साडी सजवायच्या. पण हॉलमध्ये देव नको असेल तर धुरंधरांनी मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डं काढली होती, नऊवारीतल्या बायका, विक्रेते, पगड्या, फार गमतीची आहेत.

परदेशातली पण मिळतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे फोटो मोफत खुले केलेत, चांगले मोठे असतात. तुम्ही समुद्राकाठच्या, तर होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट लावा, १८३१ च्या सुमाराची, मूळ चित्र फक्त १० बाय १५ इंचाचं आहे, त्यामुळे ए३ प्रिंट जवळजवळ मूळ मापातच होते. जुने नकाशेपण बघा. डेव्हिड रम्झी यांच्या ऑनलाइन संग्रहात ब्रिटिश काळातले हिंदुस्थानचे नकाशे आहेत, किनाऱ्याचा तेवढा भाग कापून मोठा केला तर पाहुणे तासभर त्यात गाव शोधत उभे राहतात, चहा गार होईपर्यंत.

फक्त फाइल बघून घ्या. ए३ ला स्वच्छ छापायची तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. त्याच्या निम्मी असली तरी भिंतीवर लांबून बघायला चालून जाते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो नेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं. पेनड्राइव्हवर न्या. चिपळूण-रत्नागिरीत लग्नपत्रिका छापणारे डिजिटल प्रिंटवाले असतात त्यांच्याकडे १२ बाय १८ शीट असते, जाड मॅट कागदावर काढायला सांगा. त्यांच्या मशीनची टोनरची शाई दमट हवेत पसरत नाही, घरगुती इंकजेटची बरेचदा पसरते. ग्लॉसी नको, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. तुमची खिडकी पश्चिमेला म्हणजे संध्याकाळचं ऊन बरोबर त्या भिंतीवर येणार, त्यामुळे हाताने रंगवलेली वस्तू ऊन पोचणार नाही अशा टोकाला लावा, प्रिंट उन्हात गेली तर पाच वर्षांनी दुसरी काढता येते.

मुंबईकर_चाकरमानी

एवढा खटाटोप कशाला, कॅनव्हास प्रिंट घ्या. काच नाही, माउंट नाही, फुटायची भीती नाही, लाकडी चौकटीवर ताणलेली येते, टांगली की झालं. माझ्या ठाण्याच्या घरात मस्त आहे.

चिरेबंदी

ठाण्याच्या घरात पंखा बारा महिने फिरतो साहेब. गावचं घर गणपती ते शिमगा बंद असतं.

मुंबईकर_चाकरमानी

त्यांचं घर बंद नाहीये, त्या राहतात तिथे.

पट्टीकाच

मुंबईकरांचं अगदीच चुकीचं नाही. काच नसल्यामुळे कॅनव्हासच्या पुढून हवा लागते, चिकटण्याचा प्रश्न नाही. पण कापड उघडं असतं, चुलीचा किंवा उदबत्तीचा धूर बसतो, पुसता येत नाही, आणि मागची चौकट कच्च्या लाकडाची असेल तर वाळवी तिथून सुरू होते. पावसाळ्यात कापड सैल पडतं, मध्ये पोट येतं. राहत्या घरात, कोरड्या भिंतीवर, स्वयंपाकघरापासून लांब असेल तर लावा. बंद घरात काच असो का कॅनव्हास, जूनमध्ये सगळं उतरवून सुती कपड्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवणं बरं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आतल्या आत घाम येतो.

मास्तरीणबाई_दापोली

मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. सगळ्यांनी छान सांगितलंय पण एक राहिलं. सुपारीवाली बाई, तुमच्या शेजारच्या चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, देवरूखलापण आहे. मुलं बाहेर बसून निसर्गचित्रं काढतात, खाडी, होड्या, कौलारू घरं, ढिगाने कामं पडलेली असतात. मुलांच्या कामाचं प्रदर्शन लागलं की जाऊन बघा, जलरंगातलं छोटं चित्र विद्यार्थ्याकडून विकत घ्यायचं, मागेल ती किंमत द्यायची, घासाघीस करायची नाही आणि 'तुझी जाहिरात होईल' असं तर मुळीच म्हणायचं नाही. प्रिंटपेक्षा थोडं महाग पडेल पण खालच्या कोपऱ्यात खरी सही असते. जलरंगाला मात्र काच आणि माउंट हवाच, ते पट्टीकाच म्हणाले तसं.

आणि घरात मुलं असतील तर त्यांचे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाचे कागद कुठल्यातरी ट्रंकेत असणारच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम. नक्षीकामाचे दोन कागद एकसारख्या काळ्या पट्टीत लावून बघा, लोक विचारतात कुठून आणलं. आमच्याकडे पालक लाजतात मुलांचं चित्र हॉलमध्ये लावायला, आणि हरणं लावताना नाही लाजत.

आजेसासऱ्यांच्या फोटोबद्दल. तो मूळ फोटो असेल तर तुम्ही तो उन्हात, दमट भिंतीवर ठेवू नका. स्टुडिओत नेऊन फ्रेममधून काढून स्कॅन करून घ्या, काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मूळ कोरड्या ठिकाणी कपाटात, भिंतीवर कॉपी. लॅमिनेशन करून देतो म्हणाले तर नको म्हणा, एकदा केलं की परत निघत नाही. आणि पूर्वी हे फोटो पुढे झुकवून लावायचे कारण माणसं खाली पाटावर, चटईवर बसायची, खालून नीट दिसावं म्हणून. आता आपण सोफ्यावर बसतो, त्यांना पण खाली डोळ्यांच्या उंचीला आणा, सरळ लावा, मग ताटात बघणार नाहीत.

सुपारीवाली_गुहागर

बाई तुमचं वाचून सासूबाई हसल्या आणि फोटो खाली घ्यायला तयार झाल्या, हे मला दोन वर्षांत जमलं नव्हतं. घोड्यांचा विषय मात्र अजून आहे. मुलीचे इंटरमिजिएटचे कागद माळ्यावर सापडले, एक स्थिरचित्र आहे कळशी आणि पडवळाचं, फारच छान आहे.

आता मांडणी सांगा कोणीतरी. तेरा फूट भिंत, खाली सहा फुटी दिवाण.

जुन्या_प्रिंटा

तेरा फूट भरायचीच असं डोक्यातून काढा. दिवाण सहा फुटी आहे ना, मग त्याच्या वर साधारण चार फूट रुंदीत सगळा समूह बसवा, बाकी भिंत रिकामी राहू द्या. सगळीकडे थोडं थोडं लावलं की भिंत पंचायतीच्या नोटीस बोर्डासारखी दिसते. समूहाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर येऊ द्या, म्युझियमवाले पण साधारण तेवढीच उंची धरतात. दिवाणाच्या पाठीपासून खालच्या फ्रेमची कड वीतभर वर, नाहीतर टेकणाऱ्याचं डोकं लागतं. फ्रेममधलं अंतर दोन-तीन इंच, सगळीकडे सारखं.

भोकं पाडायच्या आधी वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे कागद कापा, बारीक टेपने भिंतीला लावा, तसेच दोन-तीन दिवस राहू द्या. येताजाता बघा, सरकवा. मग प्रत्येक कागदावर हूक कुठे येणार ती खूण करून कागदावरूनच ड्रिल करायचं. दोरी लावलेली असेल तर दोरी ताणून माप घ्या, लोक फ्रेमच्या वरच्या कडेवर खूण करतात आणि चित्र तीन इंच खाली येतं.

चिरेबंदी

एका दोरीऐवजी दोन हूक लावा, वाऱ्याने वाकडी होत नाही. दोरी लावायचीच तर नायलॉनची, तार गंजते.

कुडाळचो_झील

आणि पट्टी एकाच रंगाची घेवा सगळ्याक. चित्रं वेगवेगळी चलतत, पट्टी वेगवेगळी झाली की दुकान वाटता.

पट्टीकाच

बरोबर. बजेटात मी असं बसवेन: होकुसाई नाहीतर नकाशा १२ बाय १८, माउंट घालून १६ बाय २२ ची एक मोठी, सिंथेटिक काळी पट्टी. मुलीचं स्थिरचित्र माउंट घालून दुसरी. आजोबांची कॉपी आणि चित्रकथी तयार ए४ फ्रेममध्ये, मागचा बोर्ड बदलून, काचेच्या कडेला आतून बारीक पट्टी टाकून. म्हणजे चार झाल्या. उरले तर गंजिफाची पेटी पुढच्या वर्षी. मोठ्या फ्रेमला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक विचारतील, हलकं असतं, फुटत नाही, पण महाग पडतं आणि ओरखडे लवकर येतात, फडक्याने कोरडं घासलं की गेलं. हॉलमध्ये मुलं बॉल खेळत नसतील तर साधी काचच घ्या. पुसताना पाणी काचेवर फवारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, नाहीतर कडेने आत उतरतं.

सुपारीवाली_गुहागर

हे अगदी हवं होतं. घोडे बेडरूममध्ये जातील असं ठरलंय, पोस्टकार्डाएवढे, सासूबाईंच्या पलंगासमोर, दोघी खूश. शेवटचा प्रश्न, फ्रेम चिपळूणला करून घेतली तर एसटीने कशी आणू? आमच्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला माहिती आहेत.

पट्टीकाच

काचेवर कागदी टेपची फुली मारून घ्या, तडा गेलाच तर तुकडे चित्रावर पडत नाहीत. दोन फ्रेम काचा समोरासमोर ठेवून मध्ये जुनी चादर. आणि आडवी मांडीवर किंवा वरच्या रॅकवर ठेवू नका, उभी धरायची, पायाजवळ, सीटला टेकवून. मागच्या चाकावरची सीट सोडून बसा.

लाटांचा_आवाज

आणि कंडक्टर सामानाचं तिकीट मागेल, सुटे ठेवा.